स्थानकात राजकारण : मौन कुठे, मार्गदर्शन कुठे?

चातुर्मास सुरू झाला की खान्देशातील गावोगावची स्थानके आणि उपाश्रय पहाटेपासून गजबजतात. प्रवचन संपते, मांगलिक होते, माणसे पांगतात. पण दोन-चार जण मागे रेंगाळतात. कुणाला व्यापारातील तोटा सांगायचा असतो, कुणाला मुलीच्या विवाहाची चिंता असते, कुणाच्या घरात सासू-सुनेचे पटत नसते. पूज्य साधु-साध्वींपुढे मन मोकळे करण्याची ही आपली जुनी परंपरा आहे. आज ज्याला ‘समुपदेशन’ म्हणतात, ते आपल्याकडे शतकानुशतके स्थानकाच्या ओट्यावर, कोणत्याही फलकाविना चालत आले आहे.

अलीकडे मात्र या ओट्यावर एक नवे दुःख येऊ लागले आहे. ‘मुलगा माझ्याशी बोलत नाही, कारण मी अमुक पक्षाला मत दिले.’ ‘जावईबापू दिवाळीला आले नाहीत, कारण जेवताना निवडणुकीचा विषय निघाला.’ हे दुःख ऐकणाऱ्या संतांनी काय करावे? राजकारणाचा विषय आहे म्हणून ऐकूच नये? ऐकावे, पण बोलू नये? की कोण बरोबर ते सांगून वाद मिटवावा? हा प्रश्न मला आमच्याच घराने शिकवला. म्हणून तो घरापासूनच सांगते.

दोन भाऊ आणि एक संवत्सरी

माझे माहेर जळगावचे. मोठे भाऊ तिथेच दाणाबाजारात आडत सांभाळतात. धाकटा गेली वीस-बावीस वर्षे धुळ्याला आहे. दुकाने दोन असली तरी खाते एकत्र. डाळीचा माल एकाकडून निघे, वसुली दुसऱ्याकडे होई. दिवसातून चार वेळा दोघांचे फोन होत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी घरातील सर्वांच्या व्हॉट्सॲप गटावर एका रात्री दोघांत शब्दाला शब्द वाढला. सकाळपर्यंत एक जण दुसऱ्याला ‘देशद्रोही’ म्हणून मोकळा झाला होता आणि दुसरा पहिल्याला ‘अंधभक्त’ म्हणून. नातवंडांनीही ते सारे वाचले.

त्यानंतर फोन बंद झाले. मालाचे भाव मुनीमजींमार्फत कळू लागले. पुढे तर घरात कोणी आजारी असल्याचा निरोपही मुनीमजींकडूनच जाऊ लागला. त्या वर्षीची संवत्सरी आली. दोघांनी गावभर खमतखामणा केला, शेकडो लोकांना हात जोडले, पण एकमेकांना नाही. भाऊबीजेला मी दोन गावी दोनदा ओवाळले.

सर्वांत व्याकूळ झाली ती आमची आई. तिला आम्ही बाई म्हणतो. तिचे वय ऐंशीच्या पुढे. शाळा चौथीपर्यंत, पण थोकडे पाठ आहेत. कषायांची स्थिती तिला तोंडपाठ होती. संज्वलन कषाय पंधरवडाभर टिकतो, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण वर्षभर; आणि वर्ष उलटूनही जो क्रोध मनात राहतो, तो अनंतानुबंधीच्या वाटेला लागतो, सम्यक्त्वाचाच घात करतो. पाक्षिक, चौमासी आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणांमागे हाच हिशेब आहे. बाई म्हणायची, ‘पुढची संवत्सरीही अशीच गेली तर माझी दोन्ही मुले बुडाली. मते कुणाला दिली, त्याचे मला काय?’

पुढच्या चातुर्मासात जळगावला विराजमान असलेल्या महासतीजींपुढे तिने हे दुःख ठेवले.

राजकथेला आगमांनी काय म्हटले आहे

धाकटा भाऊ स्थानकात येण्यास तयार नव्हता. त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका गावात, ऐन प्रवचनाच्या वेळी एका उमेदवाराचा व्यासपीठावर सत्कार झाला होता. तेव्हापासून तो म्हणे, ‘तिथे बसलेले आधीच एका बाजूचे असतील, तर मी माझे दुःख कुणाला सांगू?’ त्याचे हे म्हणणे मला त्या वेळी उद्धटपणाचे वाटले होते. आज वाटते, त्यात तथ्य होते. जो दुःख ऐकणार, तो एका पक्षाचा ठरला की दुसऱ्या पक्षाच्या माणसासाठी धर्मस्थानाचे दार बंद होते.

आपल्या शास्त्रकारांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. स्थानांग सूत्रात चार विकथा सांगितल्या आहेत : स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा. राजाचे वैभव, त्याचे सैन्य, त्याचा खजिना, त्याचे येणे-जाणे यांच्या गप्पा म्हणजे राजकथा. सामायिकाच्या बत्तीस दोषांपैकी वचनाच्या दहा दोषांतही विकथा येते. आपण रोज त्याचा उच्चार करतो आणि सामायिक पारताच हातातील मोबाइलवर राजकथेचाच पाठ सुरू करतो.

दशवैकालिक सूत्राचे सातवे अध्ययन वाक्यशुद्धीचे आहे. साधूने कसे बोलावे, काय बोलू नये, याचे इतके सूक्ष्म विवेचन क्वचितच आढळेल. तिथे स्पष्ट आज्ञा आहे की देवांचे, मनुष्यांचे किंवा तिर्यंचांचे भांडण चालू असता ‘अमक्याचा जय होवो, अमक्याचा न होवो’ असे साधूने बोलू नये. ज्याचा जय इच्छिला त्याच्या हिंसेचे अनुमोदन होते. ज्याचा पराजय इच्छिला त्याच्या मनात द्वेष उत्पन्न होतो. निवडणूक हे युद्ध नव्हे, हे खरे. पण ‘अमुक जिंको’ हे वाक्य तेच आहे.

मग साधूने देशाविषयी, समाजाविषयी काहीच बोलू नये काय? तसेही नाही. त्याच स्थानांग सूत्राच्या दहाव्या स्थानात दहा धर्म सांगितले आहेत. त्यांत ग्रामधर्म, नगरधर्म आणि राष्ट्रधर्म हे श्रुतधर्म व चारित्रधर्म यांच्याच पंक्तीत बसविले आहेत. स्थानकवासी परंपरेतील आचार्य श्री जवाहरलालजी म.सा. (१८७५–१९४३) यांनी या दहा धर्मांवर विस्ताराने प्रवचने दिली आणि स्वातंत्र्यलढ्याच्या काळात खादीचा निःसंकोच पुरस्कार केला. आचार्य श्री तुलसी यांनी १९४९ मध्ये अणुव्रत आंदोलन सुरू केले. त्याच्या व्रतांत निवडणुकीत अनैतिक आचरण न करण्याचे एक व्रत आहे. मत कुणाला द्यावे हे त्यात नाही. मत विकू नये, विकत घेऊ नये, हे आहे.

म्हणजे सीमारेषा आगमांनीच आखून दिली आहे. कोण जिंकावे, ही राजकथा. मी कसे वागावे, हा धर्म.

एका जवाहिऱ्याने दिलेले उत्तर

या सीमारेषेवर उभे राहून मार्गदर्शन कसे करावे, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. श्रीमद् राजचंद्र (१८६७–१९०१) मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार करीत. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या तरुण मोहनदास गांधींची त्यांच्याशी ओळख झाली. पुढे दक्षिण आफ्रिकेत असता, वेगवेगळ्या धर्मांच्या मित्रांत वावरताना गांधीजींचे मन डळमळले, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी राजचंद्रांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले. आत्मा, ईश्वर, मोक्ष यांच्या प्रश्नांबरोबर त्यांत एक प्रश्न असा होता की, या अनीतीतून जगात कधी सुनीती येईल काय?

प्रश्न विचारणारा पंचवीस वर्षांचा तरुण त्या वेळी परक्या देशात अपमान सोसत होता. श्रीमदांनी त्याला कोणत्याही राज्यसत्तेचे भविष्य सांगितले नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, सर्व जीवांची अनीती एके दिवशी पूर्ण नाहीशी होईल असे म्हणता येत नाही. पण तुम्ही आणि मी अनीती सोडून नीती स्वीकारू शकतो आणि तेच आत्म्याचे कर्तव्य आहे. या उत्तराच्या आधारे कुणी अनीतीत रमू नये, अशी सावधगिरीही त्यांनी बाळगली. जगाचा प्रश्न त्यांनी नाकारला नाही. विचारणाऱ्याच्या आचरणाकडे वळविला. पुढे गांधीजींनी राजकारणात जे केले ते त्यांचे स्वतःचे होते. श्रीमदांनी त्यांना पक्ष दिला नाही, पाया दिला.

धुळ्याच्या तुरुंगातील रविवार

दुसरे उदाहरण तर आपल्या दारचे आहे. १९३२ च्या कायदेभंगाच्या चळवळीत धुळ्याचा तुरुंग राजबंद्यांनी भरला होता. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबाजी भावे तिथे गीतेवर बोलले. अठरा अध्याय, अठरा प्रवचने. श्रोत्यांत जमनालालजी बजाजांसारखे व्यापारी होते. आणि अमळनेरची शिक्षकी सोडून लढ्यात आलेले साने गुरुजी ते सारे लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या लेखणीतून आला.

विचार करा, ते सर्व राजकारणामुळेच तुरुंगात आले होते. आठवडाभर त्यांच्यात चर्चा कशाची होत असेल? पण रविवारी विनोबाजी त्यांच्या मनाचा कंप, मोह, कर्तव्य आणि फलाची आसक्ती यांविषयी बोलत. सरकार कधी जाईल, याची उत्कंठा असलेल्या माणसांना त्यांनी आधी स्वतःचे मन पाहायला लावले. याच विनोबाजींच्या प्रेरणेने पुढे, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने, १९७४ मध्ये दिल्लीत सर्व जैन संप्रदायांचे मुनी एकत्र बसले आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सर्वमान्य झाला. ज्या संप्रदायांचे आपसांत पटत नव्हते, त्यांना एका ग्रंथावर आणणाऱ्या या सत्पुरुषाने एकाही संप्रदायाला ‘तू चूक आहेस’ असे म्हटले नव्हते.

ऐकणाऱ्याचे आठ गुण

आलोचना कुणापुढे करावी, याविषयी स्थानांग सूत्रात आठ गुण सांगितले आहेत. त्यांतील तीन येथे विशेष महत्त्वाचे. पहिला, अपव्रीडक : सांगणाऱ्याची लाज दूर करणारा. दुसरा, अपरिस्रावी : ऐकलेले दुसरीकडे झिरपू न देणारा. तिसरा, निर्यापक : झेपेल अशा रीतीने, थोडे थोडे करून प्रायश्चित्त पूर्ण करवून घेणारा. राजकीय दुःखाला तर अपरिस्रावी श्रोत्याची फारच गरज आहे. कुणी कुणाला मत दिले, हे बाजारात फुटले तर त्याचा परिणाम उधारीपासून सोयरिकीपर्यंत होतो.

आपला कायदाही याच दिशेने जातो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरणाची व्याख्या आहे. अमुक मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा आध्यात्मिक निंदा होईल, अशी समजूत मतदाराला उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने अन्य कुणी करून देणे, हा गैरवाजवी दबाव ठरतो. अमेरिकेतही १९५४ पासून करमुक्त धर्मसंस्थांनी उमेदवाराचा प्रचार करू नये असा नियम आला. त्यावर तिथे अजून वाद चालतात. ज्याच्या शब्दाला श्रद्धेचे वजन आहे, त्याने तो शब्द मतपेटीच्या पारड्यात टाकू नये, हे दोन्हीकडे मान्य झालेले तत्त्व आहे.

जिथे मौन चालत नाही

परंतु राजकारणाचे नाव लागले म्हणून प्रत्येक विषयावर मौन धरले तर तोही धर्माचा संकोच होईल. आमच्या भाच्याचा प्रसंग सांगते. एका तणावाच्या काळात बाजारात मोबाइलवरून संदेश फिरू लागले की, अमक्या समाजाच्या हमालांना काम देऊ नका. भाचा नुकताच गादीवर बसू लागलेला. न मानावे तर मित्र नावे ठेवतील, मानावे तर बारा-पंधरा वर्षांचा हमाल घरी बसेल. त्याने महासतीजींना विचारले, ‘हा तर राजकारणाचा प्रश्न आहे, आपण बोलाल का?’

महासतीजी म्हणाल्या, ‘हा तुमच्या पहिल्या व्रताचा प्रश्न आहे.’ श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. आपल्यावर अवलंबून असलेल्याचे अन्न तोडणे हा पाचवा. जन्मावरून कुणाची भाकरी तोडली तर तो अतिचार होतो की नाही, याचा विचार त्यांनी भाच्यावर सोपविला. दुसऱ्या दिवशी हमाल नेहमीप्रमाणे कामावर होता. धुळे शहराने २००८ आणि २०१३ मध्ये दंगलीचे चटके सोसले आहेत. बाजार बंद राहिला की आडत्या, शेतकरी आणि हमाल तिघांच्याही घरी चूल कशी मंदावते, हे तिथल्या व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही.

हीच कसोटी इतर प्रश्नांनाही लागू पडते. निवडणुकीसाठी हिशेबाबाहेरची रोख रक्कम मागितली गेली, तर तो अचौर्य व्रताचा प्रश्न आहे; विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांविरुद्ध वर्तन, हा त्या व्रताचा अतिचार. शहानिशा न करता कुणावर आळ घेणारा संदेश पुढे पाठविला, तर तो सत्य व्रताचा प्रश्न आहे. सहसाभ्याख्यान आणि कूटलेख हे त्याचे अतिचार. शास्त्रकारांपुढे मोबाइल नव्हता, पण मनुष्याचा स्वभाव होता. जिथे व्रत मोडते तिथे संतांनी स्पष्ट बोलावे, मग तो विषय कुठल्याही पक्षाला झोंबो. जिथे केवळ पक्ष निवडायचा आहे, तिथे श्रावकाची बुद्धी त्याच्यापाशीच राहू द्यावी.

संवत्सरीच्या संध्याकाळी

आता आमच्या घराकडे परत येते. बाईच्या आग्रहाने मोठे भाऊ एका दुपारी महासतीजींकडे गेले. मी सोबत होते. त्यांनी आरंभच केला, ‘म.सा., आपणच सांगा, देशासाठी कोण योग्य आहे?’ महासतीजी क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, ‘श्रावकजी, याचे उत्तर मी दिले, तर तुमच्या भावाला या पायऱ्या चढता येतील का?’

भाऊ गप्प झाले. मग महासतीजींनी विचारले, ‘त्या रात्री तुम्हाला नेमके काय लागले?’ भाऊंनी पक्षाचे, धोरणांचे पुष्कळ सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मध्ये एकदाही मान होकारार्थी किंवा नकारार्थी हलली नाही. शेवटी भाऊंचा आवाज बदलला. ‘नातवंडांसमोर त्याने मला आंधळा म्हटले. ज्याला मी बोट धरून शाळेत नेले, त्याने.’ महासतीजींनी विचारले, ‘आणि तुमचा शब्द कोणता होता?’ भाऊंना तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारता आला नाही.

आठवड्याने धाकटा बाईच्या तपाची साता विचारायला जळगावला आला. बाईने त्याला मांगलिकाच्या निमित्ताने स्थानकात नेले. त्याच्याशी काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही; महासतीजींनी ते कुणालाही सांगितले नाही. भाऊंचे बोलणेही त्याला कळले नव्हते. दोघांनाही मात्र एकच प्रायश्चित्त मिळाले होते, असे नंतर समजले : आपण वापरलेला शब्द, जिथे वापरला तिथेच, परत घ्यायचा. मत परत घ्यायचे नाही.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर धुळ्याहून घरच्या गटावर दोन ओळी आल्या. ‘दादा, त्या शब्दाबद्दल खमावतो. मतभेद आहे, तो राहील.’ भाऊंनी तासभर उत्तर दिले नाही. बाई मोबाइलकडे पाहत माळ फिरवत होती. मग भाऊंनी गटावर लिहिले नाही. त्यांनी फोन लावला. दोघे काय बोलले ते ऐकू आले नाही, पण शेवटी तुरीच्या भावाची चौकशी ऐकू आली, तेव्हा बाईने माळ डोळ्यांना लावून ठेवून दिली. भाऊंनी आपला शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी, नातवंडांना जवळ बसवून, गटावर परत घेतला.

आजही दोघांची मते वेगळी आहेत. आता घरात दोन नियम आहेत. जेवताना आणि गादीवर राजकथा नाही. आणि कुठेही बोलायचे झाले तर धोरणाविषयी बोलायचे, भावाविषयी नाही. हे नियम एक-दोनदा मोडलेही गेले. तेव्हा त्याच दिवशी खमावले गेले.

आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्क’ ग्रंथात अनेकांतवादाला वंदन करताना म्हटले आहे की, त्याच्यावाचून जगाचा व्यवहारही चालू शकत नाही. ‘व्यवहार’ हा शब्द आपल्या व्यापाऱ्यांच्या रोजच्या तोंडचा. ग्राहकाची बाजू ऐकल्याशिवाय सौदा होत नाही, हे आपण पिढ्यान्पिढ्या जाणतो. दुकानात जी सहनशीलता आपण परक्याला देतो, ती घरात भावाला, मुलाला, सुनेला का देऊ नये? आणि ज्या संतांपुढे आपण मन उघडे करतो, त्यांना आपल्या पक्षात ओढण्याचा मोह आपणच का आवरू नये? त्यांचे मौन हे आपल्या सर्वांसाठी उघडे ठेवलेले दार आहे.

येत्या पर्युषणात ज्यांच्याशी निवडणुकीवरून अबोला धरला आहे, त्यांचे नाव खमतखामण्याच्या यादीत सर्वांत वर लिहावे, एवढीच विनंती. या लेखात कुणाच्याही भावना दुखावल्या असतील, तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.